दार उघडले, नाव सापडेना

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून माणसे निघू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा या बाजूच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. त्यांत भांडीकुंडी असतात, पेंढी असते, कोंबडी असते आणि त्या सर्वांच्या मधोमध चिंध्यांच्या गोधडीत गुंडाळलेले एखादे तान्हे असते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात, ऊस तोडायला जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचे. तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. मी व्याकरण शिकवणारा माणूस. हा शब्द मला दरवर्षी नव्याने टोचतो. दोन जिवंत माणसे, त्यांचे मिळून एकवचन, आणि तेही हत्याराचे!

सांगायचे तात्पर्य, आमच्या भागातल्या माणसाचे गाव एकीकडे आणि पोट दुसरीकडे. शिकलेल्यांचेही निराळे नाही. ती पुण्याला जातात एवढाच फरक. यंदा मात्र आमच्या घरी उलटे घडले. एक माणूस परत आले.

माझ्या थोरल्या भावाला भाद्रपदात अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा अडखळत होती. माणसे ओळखत होता, सगळे समजत होते; पण वस्तूचे नाव जिभेवर येत नव्हते. तांब्याकडे बोट करायचा, ओठ हालवायचा आणि शेवटी 'ते... ते...' म्हणून डोळे मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, "शब्द गेलेले नाहीत. वाट बुजली आहे. रोज बोलत राहा त्यांच्याशी." वहिनी एकट्या पडल्या. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे काम करते. ती तडक अंबाजोगाईला आली आणि घरून काम करण्याची परवानगी तिने मागून घेतली. परवानगी मिळाली, पण सशर्त : सोमवारी सकाळी साडेनऊला काम सुरू झाले पाहिजे, आणि पहिल्या आठवड्यात अडथळा आला तर पुण्याला परत यावे लागेल. कंपनीचा संगणक अजून मिळाला नव्हता, तेव्हा सध्या स्वतःच्याच संगणकावर भागवायचे होते.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारले.

"तर नोकरी सोडीन, काका," ती म्हणाली. तिच्या पगारातून बाबांची औषधे यायची होती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

या सदरात मी सहसा शब्दांच्या भानगडी सांगतो. आता संगणकाची कथा सुरू झालेली पाहून वाचक पान उलटतील अशी भीती वाटते. त्यांनी जरा दम धरावा. ही भानगडही अखेर नावाचीच निघाली.

शनिवारी संध्याकाळी पुतणीने संगणक मांडला. हा तिच्या कॉलेजच्या दिवसांतला जुना संगणक; त्यावर लिनक्स घातलेले. लिनक्स म्हणजे फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या हौशी व जाणत्या लोकांनी वाढवलेली संगणकाची मूळ कार्यप्रणाली. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही धावते आणि तिचे झाकण उघडून आत पाहायला कोणाची मनाई नाही. झाकण उघडल्यावर आत काय दिसते ते ज्याचे त्याने समजून घ्यायचे, एवढीच अट.

कंपनीच्या आतल्या कामाला बाहेरून पोचायचे तर व्ही. पी. एन. नावाची वाट लागते. पुतणीने ती मला एस. टी.च्या भाषेत समजावली. गाडी सार्वजनिक, रस्ताही सार्वजनिक. पण तीत लाखेची मोहर केलेली एक थैली ठेवली आहे. बाजूच्या प्रवाशांना थैली दिसते, आतला मजकूर दिसत नाही. ती उघडते फक्त कंपनीच्या दारात. शिवाय कंपनी तुमच्या संगणकाला आपल्या आतला एक क्रमांक देते, म्हणून तुम्ही अंबाजोगाईत बसलेले असूनही कंपनीच्या हिशेबी आतच असता.

तिने आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावल्या आणि शेवटी 'जोडणी पूर्ण' अशा अर्थाचे वाक्य उमटले. आम्ही चहा टाकायला सांगितला. मग तिने कंपनीचे आतले पान उघडायला घेतले, तो उत्तर आले : असा सर्व्हर सापडत नाही.

दार तर उघडले होते. मग आतले माणूस सापडेना का?

कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडच्या तरुणाने विचारले, "विंडोज आहे ना, मॅडम?" "नाही, लिनक्स." क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "बंद करून पुन्हा चालू करून बघा." आम्ही केले. काही फरक पडला नाही, आणि मदतकक्षाची वेळही संपली.

रविवारी सकाळी शेजारचा एक उत्साही मुलगा आला. तो म्हणाला, "ताई, नावांची एक फाइल असते. तीत कंपनीच्या नावनोंदणीचा क्रमांक हाताने लिहून टाका." त्या फाइलीच्या डोक्यावरच इंग्रजीत 'हिच्यात हात घालू नये' असे छापलेले होते. 'येथे जाहिराती लावू नयेत' या पाटीखालीच जाहिराती लावणारे आपण लोक. तेव्हा हात घातला. आणि काय सांगावे, कंपनीचे पान उघडले! वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

हा आनंद चहापर्यंतच टिकला. संध्याकाळी पुतणीने व्ही. पी. एन. बंद केले आणि आजीला कीर्तन लावून द्यायला घेतले, तर आता बाहेरचे काहीच उघडेना. आई म्हणाली, "तुमचं ऑफिस उघडलं आणि माझा देव बंद झाला की गं!" म्हणून संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कीर्तन सुरू झाले. पण सकाळी लिहिलेले सारे पुसले गेले होते आणि कंपनीचे पान पुन्हा नाहीसे झाले होते. सोमवार उजाडायला बारा तास राहिले.

तेव्हा मी पुतणीला म्हटले, "बाळ, औषध मागून दे. आधी रोग सांग. ही नावांची काय भानगड आहे?"

तिने सांगितले ते असे. संगणकांना एकमेकांची नावे कळत नाहीत. त्यांना क्रमांक कळतात. नावे आपल्या सोयीसाठी. आरंभी जगातल्या जोडलेल्या संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच यादीत मावत. ती यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल आणत. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था आखली : एकच मोठी वही नको, ज्याने त्याने आपापल्या हद्दीची नावे सांभाळावीत आणि कोणाची हद्द कोणाकडे ते वरच्याने सांगावे. तिचेच नाव डी. एन. एस. आता तर देवनागरीतही ठिकाणांची नावे नोंदता येतात. २०१४ सालापासून 'डॉट भारत' हा शेपटीचा भाग मिळतो.

हे ऐकून मला आमचे आजोबा आठवले. निजामाच्या अमदानीत अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. मुकुंदराजांची समाधी जिथे आहे ते हेच गाव, योगेश्वरीचे ठाणे तेही हेच. पण लखोट्यावर मोमिनाबाद. राज्य गेले, नाव फिरले, तरी आजोबा मरेपर्यंत पत्राच्या माथ्यावर 'मोमिनाबाद' लिहीत. पत्रे पोचत, कारण टपालकचेरीत जुन्या नावाची ओळख ठेवणारे कोणी ना कोणी असे. परजिल्ह्यातल्या नव्या कारकुनाच्या हाती पडले असते तर 'असे गाव नाही' हा शेरा मारून त्याने ते परत धाडले असते. गाव जागेवर, रस्ता जागेवर. दोष फक्त कोणाला विचारले त्याचा.

"म्हणजे आपला संगणक विचारतोय कोणाला, ते बघू," मी म्हटले.

"तेच बघायला हवं होतं, काका," पुतणी म्हणाली. आणि मग ती रीतसर बसली.

पहिल्याने तिने नावाची बाब बाजूलाच ठेवली. बाहेरच्या जगातला एक प्रसिद्ध क्रमांक, १.१.१.१, याला हाक मारली; उत्तर आले. म्हणजे घरचे इंटरनेट ठीक. मग व्ही. पी. एन. जोडून कंपनीच्या आतल्या सर्व्हरला नावाने न बोलावता क्रमांकाने हाक मारली. हा क्रमांक दहाने सुरू होणारा. तसले क्रमांक खाजगी वापरासाठीच राखून ठेवलेले असतात. तिथूनही उत्तर आले! म्हणजे थैली पोचत होती, रस्ता साफ होता. अडले होते ते फक्त नाव.

मग तिने ती बदनाम फाइल नुसती वाचली. तीत नावे विचारण्याचे ठिकाण म्हणून १२७.०.०.५३ हा क्रमांक होता. मी म्हटले, "हाच चुकीचा असेल." ती हसली. १२७ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे संगणक स्वतःच. उबुंटूसारख्या हल्लीच्या लिनक्समध्ये 'सिस्टिमडी-रिझॉल्व्हड' नावाचा एक घरचा कारकून बसवलेला असतो. सगळे प्रश्न आधी त्याच्याकडे जातात आणि तो ते पुढे धाडतो. ती फाइल म्हणजे त्याच्या टेबलावरची पाटी. पाटीवर खरडून कारकुनाच्या वहीतला मजकूर बदलत नाही. आणि संगणक पुन्हा सुरू झाला की तो नवी पाटी लावतो. शेजारच्या मुलाचे औषध रात्रीत का उतरले ते असे कळले. व्ही. पी. एन. बंद झाल्यावर कीर्तन का थांबले तेही कळले : फाइलीत कंपनीच्या नावनोंदणीचा क्रमांक होता आणि तिथे जायचा रस्ताच आम्ही बंद केला होता.

तेव्हा पाटी सोडून कारकुनालाच विचारायचे. त्याची आज्ञा 'रिझॉल्व्ह-सीटीएल स्टेटस'. तिने ती दिली, तो प्रत्येक वाटेचा वेगळा तपशील पडद्यावर आला. वायफायच्या वाटेपुढे आमच्या घरच्या राउटरचा क्रमांक होता. व्ही. पी. एन.च्या वाटेपुढे मात्र नाव विचारण्याचे ठिकाण म्हणून काहीच नव्हते, कोरे!

आता सगळे उलगडले. कंपनीच्या आतल्या नावांची चौकशी आमचा संगणक घरच्या राउटरकडे करीत होता. राउटर ती इंटरनेट पुरवणाऱ्याकडे धाडीत होता. त्याला उभ्या जगाची नावे ठाऊक, पण कंपनीच्या माजघरातली नावे कशी ठाऊक असणार? ती फक्त कंपनीच्या आतल्या वहीत. मग तो प्रामाणिकपणे सांगे, 'असे नाव नाही.' तो खोटे बोलत नव्हता. आम्हीच भलत्याला विचारत होतो. शिवाय अशा चौकशीतून कंपनीच्या आतल्या सर्व्हरांची नावे बाहेर कळतात, हा तोटा वेगळाच.

पण कंपनीने आपल्या वहीचा पत्ता दिलाच नव्हता काय? पुतणीने जोडणीच्या वेळच्या ओळी पुन्हा वाचल्या. दिला होता! तिथे स्वच्छ लिहिले होते की नावे या या क्रमांकाला विचारा. विंडोजमध्ये व्ही. पी. एन.चा कार्यक्रम तो पत्ता स्वतःच नेमून टाकतो. तिच्या लिनक्सवरची 'ओपन-व्हीपीएन'ची आवृत्ती तशी नव्हती. ती पत्ता घेऊन नुसती उभी राही. तो कारकुनाकडे पोचवायचे काम एका वेगळ्या जोडपत्राचे, आणि ते जोडपत्र बसवलेलेच नव्हते. रजिस्टर पत्र दारापर्यंत आले होते. सही करून घेणारे कोणी नव्हते.

यावर उपाय दोन. एक, ते जोडपत्र बसवून कंपनीच्या सेटिंगच्या फाइलीत त्याचा उल्लेख करायचा. दुसरा, जोडणी हाताने न करता 'नेटवर्क-मॅनेजर' या लिनक्सच्या कारभाऱ्याच्या स्वाधीन करायची. तो वायफायही सांभाळतो आणि व्ही. पी. एन.ही, आणि कंपनीने दिलेला पत्ता आपण होऊन कारकुनाला कळवतो. त्यासाठी त्याचा ओपन-व्हीपीएनचा पूरक भाग संगणकात असावा लागतो. तो होता. पुतणीने 'एनएमसीएलआय' या आज्ञेने कंपनीची फाइल कारभाऱ्याकडे आयात केली, जोडणी केली आणि पुन्हा कारकुनाची वही उघडली. कोरी जागा भरली होती. 'रिझॉल्व्ह-सीटीएल क्वेरी' म्हणून आतले नाव विचारले; क्रमांक चटकन हजर.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. तिने ब्राउझर उघडला, पत्ता घातला, आणि उत्तर तेच : सापडत नाही.

खरे सांगतो, त्या क्षणी माझा धीर सुटला. पुतणीने मात्र ओठ घट्ट मिटले. तिने आधी कारकुनाची जुनी आठवण पुसली. कारण 'असे नाव नाही' हे उत्तरही तो काही वेळ लक्षात ठेवतो. आमच्या आईसारखेच ते. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले; आई अजून जुन्याच नावाने तिकीट मागते. पण तेवढ्याने भागले नाही. मग तिला एकदम आठवले. सहा महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डी. एन. एस.' कडक करून ठेवला होता. तसे केले की ब्राउझर घरच्या कारकुनाला विचारतच नाही. परस्पर बाहेरच्या मोठ्या सेवेकडे जातो. एरवी ती सोय चांगली, पण कंपनीची माजघरातली नावे तिलाही ठाऊक नसणार. तिने तो पर्याय बंद केला आणि पान उघडले. घरात सगळे निजलेले, म्हणून आम्ही दोघे नुसतेच एकमेकांकडे बघून हसलो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता वीज गेली! राउटर निपचित. पुतणीने मोबाइलचे इंटरनेट संगणकाला जोडले आणि व्ही. पी. एन. सुरू केले. मी श्वास रोखून उभा. आता वाट नवी, राउटर नवा. पण कंपनीच्या वहीचा पत्ता व्ही. पी. एन.च्या जोडणीलाच बांधलेला असल्यामुळे तो तिच्याबरोबर आपोआप आला. नऊ अठ्ठावीसला ती कामावर हजर होती. हाताने लिहिलेल्या इलाजात आणि व्यवस्थेत हाच फरक.

ज्यांच्या घरी असे बाहेरगावचे काम आले असेल त्यांच्यासाठी सार सांगून ठेवतो. आधी क्रमांकाने हाक मारून रस्ता तपासा. रस्ता ठीक असेल तर नाव कोणाला विचारले जाते ते पाहा. पाटी वाचू नका, कारकुनाची वही वाचा. व्ही. पी. एन.च्या वाटेपुढे जागा कोरी असेल तर जोडणी कारभाऱ्याकडे सोपवा. आज्ञेने उत्तर येते आणि ब्राउझरला येत नाही, असे झाले तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधा. आणखी एक. व्ही. पी. एन. चालू असताना बहुधा घरातली सगळीच नावे कंपनीच्या वहीला विचारली जातात, आजीचे कीर्तनही. फक्त कंपनीची नावे तिकडे आणि बाकीची घरच्या वाटेने, अशी वाटणी लिनक्सवर करता येते, पण ती कंपनीला विचारल्यावाचून करू नये. आम्ही सोपा मार्ग धरला आहे : संध्याकाळी काम संपले की व्ही. पी. एन. बंद, आणि मग कीर्तन.

तो आठवडा पार पडला, पुढचेही पडले. एका मुलीला काम मिळाले म्हणून ट्रॅक्टर रिकामे झाले, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. कोयत्याचे काम तारेतून येत नाही. यंदाही माझ्या वर्गातली काही मुले दिवाळीपूर्वीच दिसेनाशी झाली, ती कोठे गेली हे हजेरीपटाला माहीत आहे. पण ज्या कामासाठी गाव सोडण्याची गरज नाही त्या कामासाठी तरी ते सोडावे लागू नये, एवढे मला या दोन रात्रींत पटले.

काम संपले की पुतणी बाबांपाशी बसते. एकेका वस्तूवर बोट ठेवते आणि वाट बघते. तांब्या आला, पंचा आला, चष्मा आला. घाई करीत नाही. चुकला तरी दुसऱ्या बाजूने विचारते. परवा मी गेलो तेव्हा दादाने डाव्या हाताने संगणकाकडे खूण केली आणि बऱ्याच खटपटीनंतर म्हणाला, "पु... पुणे?"

"नाही बाबा, मी इथेच आहे. हे कोणतं गाव? सांगा बघू."

दादा विचारात पडला. ओठ हालले, थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. मग एकाएकी तोंड उजळले आणि तो खणखणीत म्हणाला, "मोमिनाबाद!"

आजोबांनंतर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. आम्ही हसलो, तसा तोही हसू लागला. वहिनी पदराने डोळे टिपत आत गेल्या. नाव जुने होते खरे, पण गाव बरोबर होते.